कानात बड्स आहेत, पण कान उघडेच आहेत!

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण तुमच्या घरातलं, मोहल्ल्यातलं, गावातलं कोणी राइस मिलमध्ये कामाला जात असेल तर शेवटपर्यंत वाचा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात असा माणूस नसलेलं गाव शोधावं लागेल.

माझं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. चार्जर, कव्हर, टेम्पर्ड ग्लास आणि सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे इयरफोन, नेकबँड, बड्स. गेल्या हंगामात मिलमध्ये काम करणारा एक गडी माझ्याकडे तीनदा आला. वय बत्तीस-तेहतीस. तक्रार एकच: "भाऊ, आवाज येते, पण बोल समजत नाही. पीस खराब आहे." मी दोनदा पीस बदलून दिला. तिसऱ्यांदा तोच पीस पुसून मी स्वतःच्या कानात घातला. एकदम साफ आवाज! मग विचारलं, मिलमधून घरी गेल्यावर कानात काही होतं का? म्हणाला, "रातकिडा ओरडते ना भाऊ. सकाळी बंद होते."

पीस चांगला होता. बिघडला होता तो त्याचा कान. नंतर त्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. जाड, घुमणाऱ्या आवाजांपर्यंत रेघ ठीक होती आणि पातळ, तीक्ष्ण आवाजांपाशी धाडकन खाली गेली होती. स, श, त, थ, फ ही अक्षरं त्या तीक्ष्ण भागातच येतात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द समजत नाही. बायको काय म्हणाली ते दोनदा विचारावं लागतं. लेकराचं बोलणं तर आणखीच अवघड, कारण लेकराचा आवाज मुळातच पातळ. सतत गोंगाटात काम करणाऱ्याचं नुकसान बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. तिथल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोळी नाही, ऑपरेशन नाही. मशीन लावता येतं, पण गेलेला कान परत येत नाही.

आता आपण सगळे काय म्हणतो? "ही आजकालची पोरं, दिवसभर कानात बोंडं कोंबून फिरतात, बहिरी होतील नाही तर काय!" मीही हेच म्हणत होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवलं: हेडफोन-इयरफोन दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, आवाज ५० डेसिबलच्या आत ठेवा. सल्ला चांगलाच आहे. पण ज्याच्या डोक्यावर आठ-दहा तास एलिव्हेटर, शेलर, पॉलिशर आणि ब्लोअर गरजतो, त्याने ५० डेसिबलवर काय ऐकावं? शेजारचा माणूस ओरडला तरी त्याला ऐकू येत नाही!

तो आवाज वाढवतो ते मस्तीत नाही. मिलचा आवाज दाबायचा म्हणून गाणं त्याच्याही वर नेतो. बाहेरचा गोंगाट कानात जातोच, त्यावर गाण्याचा मारा वेगळा. आणि त्याला वाटतं की कानात काहीतरी घातलंय म्हणजे कान सुरक्षित आहे. हा गैरसमज मला या पोस्टमधून मोडायचा आहे. इयरफोन म्हणजे कानाचं संरक्षण नाही. हा गैरसमज पसरवण्यात आम्ही दुकानदारांनी आणि कंपन्यांच्या डब्यांनी मोठा हात लावला आहे.

डब्यावर मोठ्या अक्षरात 'ईएनसी' लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हा आवाज बंद करते का?" आणि आम्ही मान हलवतो. खरं काय आहे? ईएनसी तुमच्या कानासाठी नसतंच. ते माइकसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानात मिल जशीच्या तशी वाजत राहते.

दुसरं 'एएनसी'. हे खरंच कानासाठी असतं आणि कल्पना हुशारीची आहे. बाहेरचा आवाज माइक टिपतो, यंत्र त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतं आणि दोन्ही एकमेकांना मारतात. अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानात बसल्या-बसल्या हे सुचलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पण हे तंत्र चांगलं चालतं ते विमानाच्या, एसीच्या एकसुरी, जाड घरघरीवर. पत्र्यावर धान आपटण्याचा, पट्ट्याच्या किंचाळण्याचा, लोखंडावर लोखंड वाजण्याचा तीक्ष्ण आवाज त्याला नीट पकडता येत नाही. आणि कान मरतो तो नेमका तिथे. रबरी टोपी थोडाफार आवाज अडवते, पण ती गाणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेली असते. ती किती डेसिबल अडवते याची संरक्षणासाठीची चाचणी आणि तसा आकडा या डब्यांवर नसतो.

तिसरं, आता नवीन आलेलं 'ओपन इयर' आणि हाडावाटे आवाज नेणारं. हे कानाचं छिद्र मोकळं ठेवतं. रस्त्याने चालताना, फाटक ओलांडताना चांगलं, कारण गाडीचा हॉर्न ऐकू येतो. पण मिलमध्ये हेच घालून काम करणं म्हणजे पावसात छत्री बगलेत मारून चालणं.

म्हणजे बघा. कानात जाणाऱ्या या बोटभर वस्तूवर जगभरात केवढी अक्कल खर्च होतेय! कान मोजणारे सेन्सर, स्पर्शाने चालणारं बटण, झोपताना घालायचे वेगळे, पळताना घालायचे वेगळे. अमेरिकेत तर २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो २ ला सॉफ्टवेअरच्या जोरावर श्रवणयंत्राचं काम करायला मंजुरी दिली. म्हणजे कान गेल्यावर काय करायचं याचाही माल तयार आहे. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या कानासाठी सगळं. पण ज्याचा कान रोज मिलमध्ये जळतो त्याच्यासाठी काय? कापसाचा बोळा! आणि कापसाचा बोळा जवळपास काहीच अडवत नाही.

गंमत अशी की मिलवाल्यासाठी योग्य वस्तू कधीची तयार आहे. दाबून कानात घातल्यावर फुगणारा फोमचा इयरप्लग अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजारात आला. आपल्याकडे कान-संरक्षकांसाठी आयएस ९१६७ हे मानकही आहे. दोरीवाली, धुऊन पुन्हा वापरता येणारी जोडी एका प्लेट नाश्त्याच्या किमतीत मिळते. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, ब्लूटूथ नाही. मी माझ्या दुकानात इतकी वर्षं ती ठेवलीच नाही, कारण कोणी मागितली नाही. आणि कोणी मागितली नाही, कारण कोणी सांगितलंच नाही.

मिल मालकांपैकी बरेच जण माझे ओळखीचे आहेत. त्यांच्याशी बोललो तेव्हा ऐकलेली उत्तरं आणि माझं म्हणणं लिहितो.

"मजूर घालतच नाहीत." अहो, तेच मजूर स्वतःच्या पैशाने घेतलेले बड्स पूर्ण पाळी कानात ठेवतात! कानात वस्तू ठेवण्याचा त्यांना त्रास नाही. प्लग कसा घालायचा हे त्यांना कोणी दाखवत नाही. फोम बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी ठेवला तर उपयोग शून्य.

"प्लग तांदळात पडला तर?" रास्त शंका. म्हणूनच अन्नपदार्थांच्या कारखान्यांसाठी निळ्या रंगाचे, दोरीवाले, आत धातूचा बारीक कण असलेले प्लग मिळतात. तांदूळ निळा नसतो, त्यामुळे प्लग लगेच दिसतो आणि मेटल डिटेक्टरमध्येही सापडतो. या अडचणीचा विचार डिझाइन करणाऱ्यांनी आधीच केलाय, आपण फक्त विकत घ्यायचं आहे.

"मे महिन्याच्या गरमीत कोण घालेल?" कानावरचे मोठे मफ आपल्या उन्हाळ्यात नकोच होतात, मान्य. म्हणून तर छिद्रात बसणारा प्लग.

"मग हाक ऐकू येणार नाही, अपघात होईल." प्लग मशीनचा आवाज आणि माणसाचा आवाज दोन्ही कमी करतो. मोठ्या गोंगाटात चांगला कान असलेल्याला प्लग घालूनही बोलणं साधारण तेवढंच समजतं. आणि फुल आवाजातल्या गाण्यात हाक ऐकू येते का? त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

आता सरकारकडे वळू. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा आजार १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही तो आहे. म्हणजे हा नशिबाचा भोग नाही, कळवणं बंधनकारक असलेला कामाचा आजार आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो बसत होता. पण छोट्या मिलमध्ये हजेरीवर थोडेच गडी दिसतात, बाकी ठेकेदाराचे. बालाघाटकडून, छत्तीसगडकडून आलेला माणूस हंगाम संपला की गावी जातो आणि सोबत खराब झालेला कान घेऊन जातो. त्याची नोंद कोण करणार?

पण एक जागा अशी आहे जिथे सरकार हात झटकू शकत नाही. आपल्या मिल भरडतात त्यातलं पुष्कळ धान सरकारचं असतं. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर खरेदी होते, मिलशी भरडाईचा करार होतो, तो तांदूळ रेशनवर जातो. करारात तांदळाचा उतारा किती, कणी किती, ओलावा किती याच्या अटी असतात. तुटलेल्या दाण्याचा हिशेब ठेवता, मग माणसाच्या कानाचा का नाही? माझी मागणी साधी आहे:

१. भरडाईच्या करारात एक ओळ वाढवा: मशीनजवळच्या प्रत्येकाला, ठेकेदाराच्या माणसालाही, मानक प्लग फुकट मिळाला पाहिजे.

२. हंगामाआधी आणि हंगामानंतर कानाची तपासणी व्हावी. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा प्रशासनाने तारखा ठरवून तालुक्या-तालुक्यात शिबिरं घ्यावीत.

३. मिल मालक संघटनेने वाट न बघता स्वतः सुरुवात करावी. शेतकऱ्याला वजनाची पावती देता, मजुराला प्लग द्या.

मजूर भावांनो, तुमच्यासाठी एक सोपी परीक्षा. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे, असं समजा. घरी गेल्यावर रातकिडा वाजत असेल तर कान मार खातोय. सकाळी तो थांबला म्हणजे सगळं बरं झालं असं नाही. बड्स जेवणाच्या सुट्टीत, शांत जागी, कमी आवाजात खुशाल ऐका. मशीन चालू असेल तेव्हा खिशात ठेवा आणि प्लग घाला.

आणि दुकानदार मित्रांनो, गिऱ्हाईक मिलमधला आहे हे कळलं की ईएनसी कशासाठी असतं ते खरं सांगा. एखादा पीस कमी विकला जाईल. मी सांगायला लागलोय. काउंटरवर निळ्या प्लगची बरणी ठेवली आहे, खरेदीच्या भावात देतो.

तो गडी यंदाही मिलवर जातोय. जाणारच, घर चालवायचं आहे. प्लग घालतो आता. पण परवा दुकानात आला तेव्हा मी मागून दोनदा हाक मारली, त्याला कळलं नाही. खांद्यावर हात ठेवल्यावर वळला आणि हसला. त्याच्या बाजूला उभा असलेला त्याचा लहान भाऊ यंदा पहिल्यांदाच मिलवर लागलाय. त्याचा कान अजून शाबूत आहे.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली लिहा. मिल मालक मित्रांनी रागवावं, पण आधी आपल्याच ब्लोअरजवळ दहा मिनिटं उभं राहून यावं.