नव्या रंगाची घाई

तासगावातील एका जुन्या वाड्याच्या ढेलजेशेजारी, पूर्वी जिथे छकडा सोडीत त्या जागी, एक १९६६ सालची फियाट डिलाइट उभी आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांची ही गाडी. वडील डॉक्टर होते. सावळज, मणेराजुरी, विसापूर या वाटांवर त्यांनी ती तीसएक वर्षे हाकली. आज ते नाहीत. येत्या मार्गशीर्षात नातीचे लग्न आहे आणि वरात आजोबांच्या गाडीतून निघावी अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. सांगलीच्या एका कारागिराने गाडी पाहून सांगितले की, पत्र्यापर्यंत खरवडू, लांबी भरू, नवा रंग चढवू. कारखान्यातून आत्ताच बाहेर आली असे वाटेल. स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "तुम्ही पाठचिकित्सा शिकवता, तुमचे मत काय?" विचारण्यात थोडी थट्टा होती. आम्ही मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला, आणि आमचे उत्तर स्पष्ट आहे: रंग देऊ नये.

हे उत्तर ऐकून जे आक्षेप आले ते केवळ एका मोटारीपुरते नाहीत. आपल्या समाजाचे जुन्या वस्तूंशी, आणि जुन्या ग्रंथांशीही, जे नाते आहे ते त्यांत उघडे पडते. म्हणून हा प्रपंच.

पहिला आक्षेप गंजाचा. रंग दिला नाही तर पत्रा खाऊन जाईल, असे म्हणतात. गंज थांबवलाच पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाही. पण गंज थांबवणे आणि गाडी रंगवणे ही दोन वेगळी कामे आहेत. गाडी कोरड्या जागी ठेवणे, तळाची माती धुऊन काढणे, पोकळ भागांत मेण किंवा तेल सोडणे, जिथे पत्रा खरोखर कुजला आहे तेवढ्याच जागी ठिगळ घालणे, हे सारे जुन्या रंगाला हात न लावता करता येते. उलट चकचकीत रंगाखाली, लांबीच्या आड, गंज सुखाने वाढतो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. ज्याला पत्र्याची काळजी आहे त्याने पत्र्याकडे पाहावे. रंगाच्या डब्याकडे पाहणाऱ्याला काळजी दुसऱ्याच कशाची तरी असते.

ती कशाची, हे दुसऱ्या आक्षेपात कळते: लोक काय म्हणतील? वडिलांची गाडी अशी कळकट ठेवली, म्हणतील. या वाक्यात वडिलांविषयीचा आदर आहे, हे आम्ही मान्य करतो. पण त्या गाडीवर वडील नेमके कोठे आहेत ते पाहावे. चालकाच्या बाजूच्या दाराची वरची कड कोपर टेकून टेकून झिजली आहे. तिथे रंग गेला आहे आणि पत्रा गुळगुळीत झाला आहे. पुढच्या डाव्या मडगार्डाचा रंग बाकीच्या गाडीहून किंचित गडद आहे, कारण रात्रीच्या एका फेरीत बैलगाडीची धाव घासली आणि डॉक्टरांनी तेवढाच भाग रंगवून घेतला. टपावर कॅरियरच्या चार खुणा आहेत. कारागीर हे सारे एका आठवड्यात सपाट करील. मग जी गाडी उरेल ती वडिलांची असेल, ती फक्त कागदावर. आदर करायला निघालेला मुलगा वडिलांच्या कोपराची खूण पॉलिश पेपरने घासून काढतो, आणि याला आपण जतन म्हणतो!

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी चकचकीतच होती. मग तिला मूळ रूपात आणणे हीच खरी निष्ठा नव्हे काय? इथे 'मूळ' या शब्दाची गफलत होते. मूळ रूप म्हणजे पहिल्या दिवशीचा देखावा, की पहिल्या दिवसापासून टिकलेले द्रव्य? देखावा पुन्हा निर्माण करता येतो, द्रव्य येत नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट अकराशे काढायला आरंभ केला. हीच गाडी पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. असंख्य फियाटी रस्त्यांवर धावल्या आणि पुन्हा पुन्हा रंगवल्या गेल्या. त्या काळचा रंग कसा दिसे, तो कसा विटे, त्याखालचा थर कोणता, हे सांगणाऱ्या गाड्या मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. आज मिळणारा रंग वेगळ्या रसायनाचा आणि वेगळ्या झळाळीचा. तो लावून १९६६ साल परत येत नाही, १९६६ चा मुखवटा घातलेले आजचे साल येते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक साहित्याचे विद्यार्थी वा अध्यापक आहेत. त्यांना याचे प्रतिरूप शोधायला लांब जावे लागणार नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अनेक प्रती जुळवून त्यांनी लेखकूंचे दोष काढले आणि स्वतःची ओवी त्यात घालू नका, असे पुढच्यांना बजावले. म्हणजे ग्रंथ त्यांनी धुतला, रंगवला नाही. तरीही राजवाड्यांना नाथांपूर्वीच्या पाठाची ओढ लागलीच, आणि १९०९ साली त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे तो छापला. संतश्रेष्ठाने केलेल्या शुद्धीच्याही मागे जावेसे अभ्यासकाला वाटते; मग लग्नाच्या मुहूर्तासाठी केलेल्या शुद्धीविषयी काय बोलावे?

आणि आपण अध्यापकांनी स्वतःकडेही पाहावे. १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तिजन्य अनुस्वार गेले. नव्या लेखनासाठी ते योग्यच झाले. पण त्यानंतर जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या सर्रास नव्या लेखनात निघू लागल्या, आणि असा बदल केल्याची नोंदही पुष्कळदा आढळत नाही. वर्गात सोपे पडते म्हणून आपण ते चालवून घेतो. फरक इतकाच की, जुनी आवृत्ती कुठल्यातरी ग्रंथालयात उरते आणि चूक दुरुस्त करता येते. गाडीची दुसरी प्रत नाही. जो निष्काळजीपणा ग्रंथाच्या बाबतीत क्षम्य ठरतो, तो इथे कायमचा असतो.

हेतू चांगला असला म्हणजे परिणाम चांगला होतो, या समजुतीला अजिंठ्याने कधीच उत्तर दिले आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणून तिथली चित्रे वाचवली. सुटणारा गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे ऋण. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा लेपही दिला. तो पुढे पिवळा आणि काळसर पडला, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवण्यात वर्षानुवर्षे घालवावी लागली. तज्ज्ञांची ही कथा, तर आमच्यासारख्या हौशांची काय! वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघानेही आपली 'तुरिन सनद' केली. तिचे सार असे की, हस्तक्षेप कमीत कमी असावा, ओळखू यावा आणि त्याची नोंद राहावी. यात परदेशी असे काही नाही. चांगला संपादक नेमके हेच करतो.

यावर तासगावकर आम्हांस गावातलाच दाखला देतील. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, हजारो हात दोर ओढतात. त्या रथाचे एखादे चाक नवे करावे लागले तर तुम्ही आडवे याल काय? मुळीच नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या देवळापुढून, त्या सात मजली गोपुराच्या सावलीतून रथ निघतो तेव्हा त्याचे रथपण ओढण्यात असते. तो दरवर्षी चालला पाहिजे, म्हणून लाकूड बदलणे हा त्याच्या धर्माचाच भाग. डॉक्टरांची गाडी आता फेरीला जात नाही. तिचे काम साक्ष देण्याचे आहे, आणि साक्षीदाराची जबानी कोणी सुवाच्य करून लिहीत नसते.

आम्ही कळकटपणाचे भक्त नाही. जुनाटपणालाही बाजारात भाव येतो आणि मग तोही खोटा बनवला जातो, हे आम्हांस ठाऊक आहे. धूळ पुसावी, काचा स्वच्छ कराव्यात, ब्रेक, टायर आणि वायरिंग नवे घालावे. नवरा-नवरीच्या जिवाशी इतिहासाचा खेळ नको. वरात त्याच गाडीतून काढावी. झेंडूच्या माळा विटक्या रंगावर अधिकच खुलतात, आणि माळा दुसऱ्या दिवशी काढता येतात.

स्नेह्यांनी अजून निर्णय घेतलेला नाही. कारागिराला इसारही दिलेला नाही. आमचे त्यांच्याजवळ एकच मागणे आहे: दार उघडण्याआधी त्या झिजलेल्या कडेवर एकदा आपले कोपर ठेवून बघावे. रंग पुढच्या वर्षीही देता येईल, दहा वर्षांनीही देता येईल. दिलेला मात्र परत घेता येणार नाही.