तीन दिवसांची फुलं आणि बारा महिन्यांची झाडं

राणीच्या बागेतलं फुलांचं प्रदर्शन हा आमच्याकडे दरवर्षीचा भांडणाचा विषय. भांडण लटकंच, पण रंगतं छान. सूनबाई म्हणतात, "आई, मनोरीहून एवढ्या लांब जायचं आणि बघायचं काय, तर फुलं लावलेला वाघ!" चिरंजीवांचं म्हणणं, ही फोटो काढणाऱ्यांची जत्रा आहे, तिचा झाडांशी काही संबंध नाही. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोन बाईही याच पक्षातल्या. गेली काही वर्षं मी या सगळ्यांना तोंडी उत्तरं देते आहे. यंदा म्हटलं, लिहूनच टाकावं.

मुंबईबाहेरच्या भाच्या-पुतण्यांसाठी थोडी माहिती. भायखळ्याची राणीची बाग म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पश्चिम हिंदुस्थानच्या शेती व बागायती संस्थेची बाग आधी शिवडीला होती, जिथे आज ख्रिस्ती दफनभूमी आहे तिथे. ती भायखळ्याला हलली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते लोकांसाठी खुली झाली. पुढे ती महापालिकेकडे आली. प्राणी आले ते बरेच नंतर, १८९० च्या सुमाराला. म्हणजे ही मुळात झाडांची बाग आहे. प्राणी हे तिथले भाडेकरू, पण ते असे काही स्थिरावले की घरमालकाचं नावच लोक विसरले. २०१७ साली पेंग्विन बघायला खुले झाले, तेव्हापासून तर विचारूच नका.

या बागेत महापालिकेचा उद्यान विभाग आणि वृक्ष प्राधिकरण मिळून जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन दिवसांचं प्रदर्शन भरवतात. कोविडच्या काळात खंड पडला होता, पुन्हा सुरू झालं. दरवर्षी काहीतरी विषय असतो. २०२५ साली राष्ट्रीय प्रतीकं हा होता, त्यामुळे फुलांचा वाघ, फुलांचा मोर वगैरे. गर्दी तुडुंब.

आता माझं म्हणणं. या प्रदर्शनाला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा फुलांचा वाघ सोडून पुढच्या कुंड्यांपाशी तासभर उभं राहावं. कुंडीत लागलेली वांगी, मुळे, कोबी, टोमॅटो, औषधी झाडं, ठेंगणी करून ठेवलेली वडाची झाडं. त्या वांग्यापाशी जी मुलं थबकतात, त्यांचे चेहरे मी पाहिलेत. मी मालाडला शिकवत असताना पाचवीच्या मुलांना एकदा भुईमुगाचं झाड काढायला सांगितलं होतं. चाळीसातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी फांद्यांना लोंबणाऱ्या शेंगा काढल्या. मुलं हुशार होती हो! पण शेंग जमिनीखाली धरते हे कळायला कुणीतरी रोप उपटून दाखवावं लागतं. आमच्या मनोरीत वाड्या आहेत, विहिरी आहेत, भाजी डोळ्यांसमोर वाढते. मालाड-कांदिवलीच्या सोळाव्या मजल्यावरच्या मुलाला ते कुठून दिसणार? त्याला वर्षातून एकदा वांगं झाडावर बघायला मिळत असेल, तर त्या फुलांच्या वाघाचे माझ्यातर्फे शंभर गुन्हे माफ.

आणि माळ्यांचं काय? वर्षभर आपण त्यांच्या शेजारून जातो आणि "गवतावर चालू नका" एवढाच त्यांचा आवाज आपल्या कानी पडतो. त्या तीन दिवसांत मात्र लोक त्यांना विचारतात, "दादा, माझा मोगरा का फुलत नाही?" एका माळीदादांनी माझ्यादेखत एका बाईंना कुंडीतलं पाणी कमी करायला सांगितलं. असं तब्येतीत सांगितलं की मला माझ्या प्रशिक्षण महाविद्यालयातल्या पाठाच्या परीक्षा आठवल्या. त्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

इथपर्यंत मी प्रदर्शनाच्या बाजूची. पण माझं भांडण वेगळं आहे, आणि ते चौथ्या दिवशी सुरू होतं. कुंड्या उचलल्या जातात, वाघाची फुलं सुकतात, मांडव निघतो. उरतात ती झाडं, तीन हजारांच्या वर, अडीचशेहून जास्त जातींची. त्यांच्याकडे त्या तीन दिवसांतही कुणी पाहिलेलं नसतं. लोक फुलांचा मोर बघायला रांग लावतात आणि त्याच बागेत उर्वशी उभी असते. उर्वशी हे त्या झाडाचं नाव, मी उपमा देत नाहीये. मूळ ब्रह्मदेशातलं. तिथे वॉलिक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते सापडलं आणि गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्टच्या बायकोचं नाव त्याला मिळालं. आपल्याकडे ते उर्वशी झालं, आणि माझ्या मते हेच नाव जास्त शोभतं. हिवाळा सरताना त्याला लांबच लांब घोस लोंबतात. लाल फुलं, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पानंसुद्धा ओल्या रुमालासारखी खाली लोंबतात. म्हणजे प्रदर्शनाच्या दिवसांच्या आगेमागेच हिचा बहर. पण तिथे पाटी नाही, रोषणाई नाही, म्हणून गर्दी नाही.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' महिन्यामहिन्याने लिहिलेलं आहे. बागेचंही तसंच असतं. आता पळस, पांगारा आणि काटेसावर. मग सीतेचा अशोक. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, आपलं राज्यफूल. (किती जणांना माहीत आहे, हात वर करा.) कैलासपतीचं फूल तर फांदीला येतच नाही, थेट खोडातून फुटतं. आत शिवलिंग आणि वर नागाचा फणा असा त्याचा आकार, म्हणून आपण त्याला देवाचं मानलं, आणि झाड आहे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं! पावसाच्या तोंडावर गोरखचिंच रात्रीची फुलते, पांढरी वाडग्याएवढी फुलं खाली लोंबतात आणि वटवाघळं तिची कामं करतात. पावसात कदंब, पाऊस ओसरताना कोल्व्हिलियाचे केशरी घोस, दिवाळीच्या सुमाराला सप्तपर्णीचा तो डोकं भणाणून टाकणारा वास. प्रदर्शनं इथे बाराही महिने चालू आहेत. फक्त त्यांचं उद्घाटन कुणी करत नाही.

बंगळुरूच्या लालबागेत वर्षातून दोनदा पुष्पप्रदर्शन असतं, प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत. जपानात तर साकुरा कुठल्या गावात कधी फुलणार याचे अंदाज हवामानासारखे देतात आणि लोक त्याप्रमाणे रजा टाकतात. मला आवडतं ते हे जपानचं. मोर-वाघ काही नाही, झाड फुलतं आणि लोक खाली चटई टाकून डबे उघडतात.

हे नुसतं हौसेचं नाही. २००७ साली या बागेच्या कायापालटाची सुमारे ४३३ कोटींची योजना आली होती. तिच्यात प्राणिसंग्रहालयाला सगळं महत्त्व आणि झाडांना दुय्यम. काही मुंबईकरांनी, त्यात बायका पुढे होत्या, एकेक झाड मोजून, ओळखून, कागदावर आणून विरोध केला, आणि पुढे योजनेत मोठी काटछाट झाली. हे कशामुळे जमलं? त्या बायकांना झाडांची नावं ठाऊक होती म्हणून. "काही झाडं जातील" या वाक्याला कुणी हरकत घेत नाही. "उर्वशी जाईल" म्हटलं की माणूस विचारतो, का म्हणून? हजेरीपटावर नाव नसलेला मुलगा गैरहजर आहे हे कळणार कसं? तीस वर्षं हजेरी घेतली आहे, मला विचारा.

म्हणून मला वाटतं, तीन दिवसांच्या गर्दीचा उपयोग बारा महिन्यांसाठी करावा. प्रदर्शनाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक पानी फुलांचं पंचांग द्यावं, मराठीत. कुठल्या महिन्यात काय फुलतं आणि ते बागेत कुठे आहे. झाडं दाखवणाऱ्या फेऱ्या काही हौशी मंडळी काढत आली आहेत, त्यांना त्या तीन दिवसांत मानाचं स्थान द्यावं. फुलांच्या वाघापाशी जशी दोरी बांधतात, तशी उर्वशीभोवती बांधा आणि एक माळीदादा उभे करा. खर्च दोरीचाच.

तिकिटाबद्दल थोडं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० केलं, आईवडील आणि दोन मुलांना मिळून १००. तेव्हा ओरड झाली, मीही केली. पण उपनगरातल्या माणसाला तिकिटापेक्षा वाट जड जाते. मनोरीहून तर मार्व्याला बोटीने पलीकडे, मग मालाड स्टेशन, दादरला गाडी बदलून भायखळा. दोन तास धरून चाला, तेही बोट वेळेवर मिळाली तर.

शाळांच्या सहलीचं तर हसू येतं. एका शाळेच्या मुलांना मी पाहिलं, रांगेत पेंग्विन, रांगेत वाघ, रांगेत वडापाव, आणि परत बसमध्ये. माझं मत, एकाच वर्गाला वर्षातून तीनदा एकाच झाडाखाली न्यावं. दरवेळी तेच झाड, आणि काय बदललं ते मुलांनी वहीत लिहायचं. पण लांबच्या शाळांना हे परवडायचं नाही, हे मलाही कळतं. त्यांनी आपल्या दारचं झाड धरावं. आमच्याकडे समुद्राच्या बाजूला भेंडीचं झाड आहे. भाजीची भेंडी नव्हे, मोठ्या झाडाची. सकाळी फूल पिवळं, कोमेजताना तांबूस होतं. मी शेजारच्या चार मुलांना हे महिनाभर बघायला लावलं. त्यातला एक आता मलाच सांगतो, "आजी, आज सात फुलं, काल पाच होती." करंजाचीही पाळी येणार आहे, चैत्रात त्याखाली फुलांचा सडा पडतो. खाडीतल्या तिवरांचा नंबर त्यानंतर, कारण तिथे चिखलात उतरायला मुलांच्या आया परवानगी देत नाहीत.

या उन्हाळ्याआधी त्या चौघांना घेऊन भायखळ्याला जायचं ठरतंय. कुणाला यायचं असेल तर कळवा. सकाळची पहिली बोट धरू, डबा आपापला, आणि बुधवार सोडून कुठलाही दिवस, कारण बुधवारी बाग बंद असते. पेंग्विन शेवटी, वेळ उरला तर.