चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

स्मरणिका हाती आली की मी विद्यार्थी विभाग सर्वांत आधी वाचतो. ‘पाणी हेच जीवन’, ‘माझी आदर्श शाळा’, ‘महामानवास अभिवादन’ असे लेख त्यात असतात. वाक्ये शुद्ध, विचार निर्दोष. पण लिहिणारा मुलगा समुद्रपूरकडचा की आर्वीकडचा, त्याला कबड्डी आवडते की चित्रकला, कापूस वेचणीच्या दिवसांत त्याला घरी थांबावे लागते काय, रात्री दिवे मालवल्यावर कोणती गोष्ट त्याला झोपू देत नाही, यांतले काहीही त्या लेखांतून कळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला न्याय-अन्यायाविषयी काही वाटतच नसेल, हे मला पटत नाही. त्या वयात समजत नसेल असे फार थोडे असते. कुणाच्या ताटात किती पडले, कुणाची चूक पोटात घातली गेली आणि कुणाला उन्हात उभे केले, याचा हिशेब त्या वयाइतका काटेकोर पुढे आयुष्यात कुणी ठेवत नाही.

१८५५ सालच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात एका विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापला गेला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मांग समाजातील, चौदा वर्षांची मुलगी. तिच्या शाळेला जेमतेम तीन वर्षे झाली होती. ती देवाला सरळ प्रश्न विचारते. वेद ब्राह्मणांचे, आम्हांस ते पाहण्याचाही अधिकार नाही. तर मग आमचा धर्म कोणता, तो तरी कळू दे. पेशवाईत आपल्या माणसांची किंमत जनावरांपेक्षाही कमी होती, हे ती एकेक प्रसंग सांगत दाखवते. इमारतीच्या पायात जिवंत माणसे गाडली जात, हे ती लिहिते. आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांच्या थंडी-पावसातील हालांकडेही ती वळते. बाळंतिणीचे दुःख अन्यायाच्या यादीत नोंदवावे, हे त्या काळच्या कोणत्या विद्वानाला सुचले होते? मुलीला सुचले. शेवटी ती आपल्याच लोकांना बजावते की अज्ञानाच्या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

आमचा धर्म कोणता, या तिच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी लाखोंना त्यानंतर एकशे एक वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात मिळाले. मुक्ता ते पाहू शकली नाही. तरीही तो प्रश्न शाळकरी मुलीच्या लेखणीतून आधी उमटला होता, हे आपण मुलांना सांगतो काय?

फुले दांपत्याने मुक्ताला काय शिकविले, याची चर्चा पुष्कळ होते. त्यांनी तिला काय लिहू दिले, याचा विचार कमी होतो. असा निबंध आज आपल्या नववीतील एखाद्या मुलीने लिहून आणला, तर आपण काय करू? मला वाटते, प्रथम तिच्या पालकांना बोलावू. नंतर तोच विषय ‘सौम्य’ करून आणायला सांगू. आणि पुढच्या १४ एप्रिलला त्याच मुलीकडून बाबासाहेबांच्या बंडखोरीवर भाषण पाठ करून घेऊ. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसणाऱ्या, शिपाई आल्याशिवाय पाणी न मिळणाऱ्या भीमरावाची गोष्ट आपली मुले डोळ्यांत पाणी येईल अशी सांगतात. पण आज जिल्हास्तरीय स्पर्धेला गेल्यावर आडनाव ऐकताच बदलणारा समोरच्याचा चेहरा, यावर त्यांच्याकडून एक परिच्छेदही येत नाही. तो चेहरा त्यांनी पाहिलेला नसतो असे नाही.

शिस्तीचे काय, असे काही पालक विचारतील. प्रश्न योग्य आहे. घरी अभ्यासाला कोपरा नाही, वडील मजुरीला, आई वेचणीला; म्हणून तर लेकराला निवासी शाळेत ठेवले. पहाटेची वंदना, ठरलेल्या वेळी अभ्यास, ठरलेल्या वेळी जेवण, याने कितीतरी घरांचे भाग्य बदलले. त्यातला मीही एक आहे. मोबाइलवरील बंदीचेही मी समर्थनच करीन, मुले कितीही रुसली तरी. परंतु नियम असणे आणि नियमाविषयी बोलता न येणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

याबाबत विनयपिटकातील एक प्रसंग आपल्या वसतिगृहाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. उपसंपदा न झालेल्याबरोबर भिक्षूंनी एका जागी झोपू नये, असा नियम झाला होता. त्यानंतर भगवान कोसंबीला असताना भिक्षूंनी तो नियम सांगून श्रामणेर राहुलाला निवाऱ्याबाहेर केले. राहुल काही बोलला नाही. तो शौचकुटीत जाऊन निजला. पहाटे भगवान तेथे गेले, खाकरले. आतून राहुलही खाकरला. कोण आहे, असे विचारल्यावर सारा प्रकार कळला. तेव्हा भगवंतांनी नियमच दुरुस्त केला आणि दोन-तीन रात्री एकत्र निजण्यास अनुमती दिली. नियम करणारे स्वतः बुद्ध होते, मूल त्यांचेच होते, आणि तरीही त्याच्यावर काय ओढवले ते अपघातानेच समजले. चांगली, समंजस मुले तक्रार करीत नाहीत. ती गुपचूप शौचकुटीत निजतात. त्यांच्या न बोलण्याला आपण संस्कार समजून बसतो.

कायदाही येथे फारसा कामाला येत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता आहे. नववीच्या उंबरठ्यावरच त्याचे छत्र सुटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यात देशभरातील शिक्षणतज्ज्ञ जमले आणि नयी तालीमची योजना आकाराला आली, तिचाही पल्ला सात ते चौदा हाच होता. चौदानंतरचे वय जणू कोणाच्याच हिशेबात नव्हते. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मात्र अठरा वर्षांपर्यंत लागू आहे. मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकून त्याला वयानुसार महत्त्व द्यावे, असे त्याचे बारावे कलम सांगते. भारताने तो १९९२ साली स्वीकारला आहे. तक्रारपेट्या शाळाशाळांत लागल्या आहेत, पण पेटी ही चिठ्ठीसाठी असते, संभाषणासाठी नसते. शिवाय पेटीत चिठ्ठी टाकताना कोणी पाहिले तर, ही भीती मोठ्यांनाही असते.

म्हणून माझे म्हणणे असे की पौर्णिमेच्या वंदनेनंतर तासभर अधीक्षक, स्वयंपाकघरातील ताई-दादा आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसावे. मुलींनी फाटकात साडेपाचला परतायचे आणि मुलांनी सातला, असे असेल तर त्याचे कारण तेथे सांगावे. कारण पटण्यासारखे नसेल तर वेळ बदलावी. कालाम लोकांना परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका असे सांगणाऱ्या शास्त्याच्या नावाने आपली शाळा चालते. तेव्हा मुलांच्या ‘का?’ या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही.

पुढील स्मरणिकेत विद्यार्थी विभागाला निदान सोळा पाने मिळावीत. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासावे, आशयाला हात लावू नये. लिहिणाऱ्याची इच्छा असेल तर नाव छापू नये. विषय एकच द्यावा: शाळेत मला काय न्याय्य वाटते आणि काय वाटत नाही. जाहिरातींची पाने त्यामुळे कमी होतील, हे संपादक मंडळाचे म्हणणे मला मान्य आहे. त्यांतील दोन पानांचा खर्च मी देतो. उरलेल्या चौदांसाठी माजी विद्यार्थ्यांनी दिवाळीपूर्वी कार्यालयात नाव नोंदवावे.