जर्नल उतरवल्यासारखी सहल

आपल्याकडे जर्नल कसं पूर्ण होतं ते तुम्हाला सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री, रूममेटचं समोर ठेवून, प्रयोग न करता रीडिंगसकट! माझं म्हणणं असं की आपण सहलीसुद्धा अशाच उतरवून काढतो. मला हे कळलं ते फ्लॉरेन्समध्ये, आणि तेही भांडण झाल्यावर.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघं इंटर्नशिपसाठी म्युनिकला होतो. एका शुक्रवारी रात्रीची बस पकडून इटलीत फ्लॉरेन्सला गेलो. यादी मीच केलेली. डेव्हिडचा पुतळा, उफिझी, पोंते वेकिओचा पूल आणि दुपारच्या गाडीने पिसा. एकदा आलोय तर उरकून घेऊ, परत कोण येणार आहे इथे?

आमच्या सिव्हिलवाल्याने मात्र तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटाची वेळ आधीच बुक केली होती. माझीही, मला न विचारता! तिकीट जवळजवळ महिन्याच्या मेस बिलाइतकं, पायऱ्या ४६३ आणि लिफ्ट नाही. चौकातच वादावादी झाली. "एका घुमटासाठी पिसा सोडायचं?" बाकीचे दोघं फणफणत स्टेशनकडे गेले. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी थांबलो. खरं कारण तेवढंच.

पायऱ्या चढता चढता तो बोलत होता. या घुमटाचे खरं तर दोन थर आहेत, एकात एक, आणि जिना त्या दोन थरांमधून जातो. कॅथेड्रल उभं राहत आलं होतं, पण सुमारे ४५ मीटर रुंद अष्टकोनावर घुमट चढवायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. सेंट्रिंग करायचं म्हटलं तर अख्खं जंगल लागलं असतं. ब्रुनेलेस्की म्हणाला, सेंट्रिंगशिवाय करतो. हा माणूस मुळात सोनार! १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट पूर्ण झाला.

वाटेत एका जागी त्याने विटांवर हात ठेवला. आडव्या थरांमध्ये ठराविक अंतरावर उभ्या विटा, माशाच्या काट्यासारख्या. चुना ओला असताना वरचा थर आत घसरू नये म्हणून या उभ्या विटा त्याला धरून ठेवतात. माल वर चढवायला बैलांवर चालणारं यंत्र होतं. त्यात गिअर बदलून फिरण्याची दिशा उलटी करता येई, बैल सोडून फिरवावे लागत नसत. मी मेकॅनिकलचा. गिअर ट्रेनवर दहा मार्कांचं उत्तर लिहून आलेला. पण गिअर कुणाची तरी अडचण सोडवतो, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

खाली चौकात ब्रुनेलेस्कीचा पुतळा आहे. तो मान वर करून घुमटाकडे बघतोय. आम्ही सगळे पर्यटक घुमटाकडे पाठ करून सेल्फी काढत होतो.

आता दुसरी बाजूही सांगतो. पिसाला गेलेल्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं, आईला दाखवायला झुकत्या मनोऱ्याचा फोटो हवाच असतो. 'परत कोण येणार' ही भीती खरीच आहे. पण परत येणं होणार नसेल, तर चार गोष्टी अर्धवट बघण्यापेक्षा एक तरी पुरती बघावी की नाही? परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. पुढे मिटलं, पण माझं मत तेच राहिलं.

आणि यासाठी इटलीलाच जायला हवं असंही नाही. सेकंड इयरच्या आय.व्ही.ला आपण विजापूरला गेलो होतो. गोल घुमट, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. एकमेकींत गुंतलेल्या कमानींवर तोललेला, मधे एकही खांब नाही. आपण काय केलं? गॅलरीत जाऊन एकमेकांच्या नावाने बोंबललो, ग्रुप फोटो काढला आणि जेवायला पळालो. त्या कमानींकडे मी एकदाही वर बघितलं नाही, राव.

तेव्हा पुढची आय.व्ही. ठरवणाऱ्या सरांना एक विनंती. यादीतली तीन ठिकाणं खोडा, एकच ठेवा, आणि तिथे दिवसभर सोडा आम्हाला. रिपोर्ट मी स्वतः लिहीन. न उतरवता!