विश्लेषण : हुपरीच्या पैंजणाला ब्रँड कोण देणार?

हुपरीत घडलेले पैंजण देशभर विकले जातात, पण ते पायात घालणाऱ्या बाईला हुपरीचे नाव बहुतेक वेळा ठाऊक नसते. डबीवर नाव असते ते तिच्या गावच्या सराफाचे. ही गोष्ट कोल्हापूर परिसरातल्या, संगणक शिकून परतलेल्या कुठल्याही तरुणाच्या डोळ्यांत खुपावी अशीच आहे. त्यावर त्याला सुचणारा उपायही साधारण ठरलेला असतो : वेबसाइट काढायची, इन्स्टाग्रामवर कारागिराच्या हातांचे व्हिडिओ टाकायचे, मधला सराफ वगळायचा आणि थेट ग्राहकाला विकायचे. कल्पना आकर्षक आहे. मात्र तिच्यात गृहीत धरलेल्या दोन गोष्टी तपासून पाहिल्याशिवाय घरचे पैसे त्यात घालू नयेत.

हुपरीला ब्रँड नाही, हे खरे आहे का?

अर्धेच खरे. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात चांदीकाम शतकभराहून अधिक काळ चालत आले आहे. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जोडणे, झाळणे, घुंगरू बसवणे, पॉलिश करणे ही कामे एका छपराखाली होतातच असे नाही. एका घरातून दुसऱ्या घरात माल फिरतो, आणि जोडकामाचा मोठा भार घरी बसून काम करणाऱ्या बायकांवर असतो. तयार माल वजनावर आणि टंचावर, म्हणजे शुद्धतेवर, परपेठेतल्या सराफांकडे जातो. तिथे बऱ्याचदा उधारी चालते आणि ती केवळ नावावर चालते. अमक्या घराण्याचा माल म्हणजे टंच चोख, हे सराफाला माहीत असते.

म्हणजे ब्रँड आहे. तो सराफाच्या वहीत आहे, ग्राहकाच्या मनात नाही. नव्या कंपनीला हा विश्वास वहीतून बाहेर काढायचा आहे. ते काम लोगो करू शकत नाही.

थेट विक्रीचे गणित कुठे अडते?

चांदीचा भाव प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतो. त्यामुळे धातूवर नफा कमावण्याची सोय नाही. जे काही मिळायचे ते मजुरीत. उदाहरणादाखल आकडे घेऊ. किलोला दीड लाख रुपये भाव धरला, तर ६० ग्रॅमच्या जोडात ९,००० रुपयांची चांदी झाली. त्यावर १२ टक्के मजुरी लावली तर १,०८० रुपये. ३ टक्के जीएसटी धरून ग्राहक सुमारे १०,३८० रुपये मोजतो. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचे शुल्क दोन टक्के धरले तर ते पूर्ण रकमेवर लागते, म्हणजे २०० रुपयांच्या वर गेले. विमा उतरवलेले कुरिअर, डबी, परत आलेला माल हे वेगळेच. आता एक ग्राहक मिळवायला जाहिरातीवर ६०० रुपये खर्च झाले असे समजा. कारागिराला देण्यासाठी जेमतेम २७० रुपये उरतात, आणि कुरिअर अजून मोजलेले नाही.

म्हणूनच ऑनलाइन चांदी विकणाऱ्या कंपन्यांचा भर हलक्या, नक्षीदार वस्तूंवर आणि नगावर लावलेल्या किमतीवर असतो. त्याच भावाने तीन ग्रॅमच्या अंगठीत ४५० रुपयांची चांदी जाते. ती १,५०० रुपयांना विकली तरी कोणी तराजू मागत नाही. बंगळुरूत २०१९ मध्ये सुरू झालेली ‘गिवा’ याच बाजारात वाढली. पण हुपरीचे खरे कसब वजनदार, तोलून विकल्या जाणाऱ्या पैंजणात आहे. तेव्हा संस्थापकापुढचा पहिला निर्णय असा : वस्तू बदलायची की ग्राहक? हलक्या वस्तूंकडे वळायचे तर नवे साचे, नवे नक्षीकार लागतील आणि जुन्या कारागिरांपैकी अनेकांना त्यात काम नसेल. वजनदार पैंजणच विकायचे तर तंत्रज्ञानाचा पहिला ग्राहक सराफ आहे. त्याला नमुने फोनवर दाखवणे, मागणी नोंदवणे, टंचाचा दाखला प्रत्येक लॉटबरोबर देणे, उधारीचा हिशेब दोन्ही बाजूंना दिसेल असा ठेवणे ही कामे इन्स्टाग्रामवर मिरवता येत नाहीत. पण हुपरीतून धंदा उभा करायचा असेल तर सध्या हाच रस्ता अधिक शहाणपणाचा दिसतो. सराफाला वगळण्याची घोषणा ऐकायला बरी वाटते. तो उधारी घेतो, जुने दागिने मोडून घेतो, सणाला दुकान उघडे ठेवतो, हे सगळे ॲपला फुकटात करता येणार नाही.

भाव चढला की फायदाच ना?

चांदीने २०२५ मध्ये किलोमागे आधी एक लाखाचा आणि मग दीड लाखाचाही टप्पा ओलांडला. अशा काळात ज्याच्याकडे माल पडून असतो, त्याला धंद्याची चांदी झाली असे वाटते. ती चांदीची चांदी असते, धंद्याची नव्हे. दहा किलो साठा म्हणजे १५ लाख रुपये. भाव १० टक्के उतरला की दीड लाख गेले, आणि तेवढी मजुरी कमवायला वरच्या हिशेबाने जवळजवळ १४० जोड विकावे लागतात. तंत्रज्ञान कंपनी काढायला निघालेला माणूस नकळत सट्टेबाज होतो तो इथे. मजुरीतला नफा आणि भावातला नफा पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या रकान्यांत लिहिले नाहीत, तर आपली कंपनी चालते आहे की बुडते आहे हे संस्थापकालाच कळत नाही.

मग ब्रँड उभा राहतो कशावर?

टाटा समूहातल्या टायटनचा ‘तनिष्क’ १९९०च्या दशकात बाजारात आला तेव्हा त्याचा भर १८ कॅरेटच्या, पाश्चात्त्य वळणाच्या दागिन्यांवर होता. भारतीय ग्राहकाला २२ कॅरेट हवे होते. कंपनीने वस्तू बदलली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुकानात ‘कॅरेटमीटर’ ठेवले. घरचे सोने आणा, न वितळवता शुद्धता पाहा. अनेकांना आपल्या विश्वासातल्या सोनाराकडचे सोने सांगितल्यापेक्षा कमी कसाचे असल्याचे तिथे कळले. टाटांचे नाव पाठीशी होतेच, पण ग्राहकाच्या हातात पुरावा देण्याचे काम त्या यंत्राने केले.

चांदीत तो पुरावा आजही दुर्मीळ आहे. जुने पैंजण मोडायला नेले की घट किती धरतील याची धाकधूक महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला नवी नाही. याचे एक कारण सरळ तांत्रिक आहे : झाळायला वापरलेला मिश्रधातू मूळ चांदीपेक्षा कमी शुद्धतेचा असतो, आणि पैंजणात जोड पुष्कळ. पत्रा ९२.५ टक्क्यांचा असला तरी अख्खा दागिना आटवल्यावर आकडा खाली येऊ शकतो. यात नेहमी लबाडी असते असे नाही, पण ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम तोच.

इथे संधी आहे. सोन्याचे हॉलमार्किंग जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. चांदीसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाची पद्धत आली, पण ती ऐच्छिक ठेवून. सक्ती नसताना जो प्रत्येक नगावर क्रमांक घालेल आणि ‘छाप्यावरच्या टंचाने परत घेऊ’ असे लेखी देईल, त्याचे नाव लोकांच्या लक्षात राहील. सक्ती आल्यावर निदान छापा तरी सगळ्यांकडे असेल. ही हमी महाग आहे. परतीच्या मालासाठी पैसा राखून ठेवावा लागतो, झाळकामाची शिस्त घराघरांत न्यावी लागते आणि जादा काळजीची जादा मजुरी द्यावी लागते. जाहिरातीचा पैसा आधी इकडे वळवायला हवा.

नावात ‘हुपरी’ घालावे?

मोह होणारच. पण केवळ ठिकाण सांगणाऱ्या शब्दाला ट्रेडमार्क मिळणे १९९९च्या कायद्याने कठीण आहे. आणि मिळालाच तरी गावाचे नाव एकाच कंपनीच्या खिशात जाणे शेजाऱ्यांना रुचणार नाही. भौगोलिक मानांकन हा समूहाचा हक्क असतो. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळाले. तरी जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला श्रेय न देता दाखवल्या आणि गदारोळ झाल्यावर त्यांचे मूळ मान्य केले. आपले वेगळे नाव घ्यावे, दागिन्यांच्या १४व्या वर्गात नोंदवावे आणि ‘घडण : हुपरी’ असे डबीवर खाली स्पष्ट छापावे.

कोणत्या निर्णयावर वेळ घालवावा?

ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५च्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले आहेत : ज्या दारातून परत येता येते ते, आणि ज्यातून येता येत नाही ते. वेबसाइटचा रंग, डबी, जाहिरातीचा मजकूर, दुकान काढावे की नाही ही पहिल्या प्रकारची दारे. २००८ मध्ये ऑनलाइन सुरू झालेल्या ‘कॅरेटलेन’ने पुढे दुकाने काढली, ‘गिवा’नेही, त्यात कोणाची नामुष्की झाली नाही. टंच, परतीची हमी, भागीदाराला दिलेला हिस्सा आणि कारागिरांकडून उधारीवर उचललेला माल ही दुसऱ्या प्रकारची. नवउद्योजक बऱ्याचदा उलटे करतात. लोगोवर तीन महिने खल होतो आणि टंच मात्र पुरवठादाराच्या शब्दावर एका दुपारी ठरतो.

यातला शेवटचा निर्णय सर्वांत जड आहे. कंपनी बंद पडली तर संस्थापक पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी धरू शकतो. ज्यांची मजुरी थकली त्या जोडकाम करणाऱ्या बायकांना तसा पर्याय नसतो. म्हणून मजुरी रोख आणि वेळेवर, हा नियम गुंतवणूकदार येण्याआधीच लिहून ठेवायला हवा. नंतर तो लिहायचा प्रयत्न केला तर ‘खेळते भांडवल वाचवा’ असा सल्ला मिळणार हे ठरलेले.

ॲप बांधायला घेण्यापूर्वी एक परीक्षा करता येते. स्वतःच्या पहिल्या लॉटमधले पाच जोड, झाळीसकट, वेगवेगळ्या घरांत घडलेले निवडावेत, आटवावेत आणि टंच काढून घ्यावा. चांदी परत मिळते. जाते ती फक्त मजुरी आणि तपासणीची फी. पाचही आकडे छाप्याला उतरले तर वेबसाइटवर लिहायला पहिले वाक्य मिळाले. नाही उतरले, तर कोणत्या घरातल्या झाळीकडे आधी लक्ष द्यायचे ते कळले.