नेट भरपूर, मॅच कुठे?

ठाण्यापासून बदलापूरपर्यंत किंवा बोरिवलीपासून विरारपर्यंत कुठल्याही स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभं राहा, क्रिकेट अकादमीचा एक तरी फ्लेक्स दिसेलच. वर एखाद्या माजी रणजीपटूचा हसरा फोटो, खाली टर्फ विकेट, बॉलिंग मशीन, व्हिडिओ अ‍ॅनालिसिस, फिटनेस ट्रेनर आणि दोन मोबाइल नंबर. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर जसे दहावीचे टॉपर असतात, तसे इथे मुंबईच्या चौदा वर्षांखालच्या संघात निवड झालेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो ओळीने लावलेले असतात.

आमच्या इमारतीतला आठवीतला एक मुलगा अशाच एका अकादमीत जातो. ऑफस्पिन टाकतो, खालच्या नंबरावर बरी बॅटिंग करतो. यंदा त्याच्या शाळेने गाइल्स शिल्डसाठी संघ उतरवायचं मनावर घेतलं आणि पीटीच्या सरांनी पहिल्या झटक्यात याचं नाव लिहिलं. अकादमीच्या कोचला हे कळल्यावर त्याने सांगितलं, की शाळेकडून खेळायचं असेल तर ‘एलिट बॅच’मधून नाव काढावं लागेल. मॅटिंगवर खेळून अ‍ॅक्शन बिघडते आणि शनिवार-रविवारी अकादमीची स्वतःची स्पर्धा असते, ही कारणं. मुलाचे बाबा रात्री जेवणं आटोपल्यावर आमच्याकडे आले. ‘‘काका, तुम्ही पूर्वी शाळेच्या टीममध्ये होतात ना? काय करू सांगा. वर्षाची फी तर भरून बसलोय.’’

मी शाळेच्या टीममध्ये होतो हे खरंच आहे, पण स्कोअरर म्हणून. माझी बॅटिंग बघून सरांनी काही न बोलता माझ्या हातात स्कोअरबुक दिलं होतं. त्या बुकासकट मी आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंग्याचं दडकर मैदान सगळीकडे फिरलो. आझाद मैदानावर एकाच वेळी इतक्या मॅचेस चालतात, की एका मॅचचा डीप फाइन लेग दुसऱ्या मॅचच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो. कुणाचा बॉल कुणाकडे गेला हे ओरडून सांगावं लागतं. अंपायरने बाय किंवा लेग बायची खूण केली की स्कोअररने हात वर करून ‘लिहिलं’ असं कळवायचं, नाहीतर तो खेळच पुढे सुरू करत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी शंभर पावलांवरचा एक मोठा माणूस थांबून राहतो, हे मला फार भारी वाटायचं. ओव्हरमध्ये एकही रन निघाला नाही की सहा ठिपके जोडून इंग्रजी एम काढायचा. आमचा ऑफस्पिनर दर ओव्हरनंतर मान वळवून माझ्याकडे बघायचा आणि मी दुरूनच हवेत एम काढून दाखवायचो.

मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १८९३ ची. चौदा वर्षांखालच्यांची गाइल्स आणि सोळा वर्षांखालच्यांची हॅरिस या तिच्या दोन स्पर्धांनी या शहराला क्रिकेटपटू दिले, हे सगळ्यांना पाठ आहे. १९८८ च्या फेब्रुवारीतली शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स ही हॅरिसची सेमीफायनल तर आता लोककथेत जमा झाली आहे. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. ही कथा सांगताना सगळे शारदाश्रमच्या बाजूने सांगतात. मला त्यातल्या दुसऱ्या बाजूचं कुतूहल आहे. झेवियर्सच्या ज्या बॉलरांची त्या दिवशी धुलाई झाली, त्यांत साईराज बहुतुले नावाचा एक लेगस्पिनर मुलगा होता. विकेट एकही मिळाली नाही, रन दीडशेच्या वर गेले. बॉल टाकायचा, तो झाडीत गेला की आणायचा, पुन्हा टाकायचा. पुढे हा मुलगा मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटीही खेळला. त्या धुलाईनेच तो घडला असं मी म्हणणार नाही, इतकं सोपं नसतं. पण कुठल्याही अकादमीत पैसे भरून असा दिवस मिळत नाही, एवढं नक्की. तिथे एखाद्या बॉलरला चार ओव्हर मार पडला की कोच त्याला बाजूला घेऊन पाणी पाजतो आणि बाबा गाडीतून उतरून जाळीपाशी येतात.

नेटमध्ये आउट झालेला मुलगा तिथेच उभा राहून पुढचा बॉल खेळतो. मॅचमध्ये आउट झालेला मुलगा चालत तंबूत येतो, पॅड सोडतो आणि उरलेला दिवस दुसऱ्यांची बॅटिंग बघत बसतो. नेट आणि मॅच यांत मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. सचिनचे कोच आचरेकर सर, त्यांना तो नेमका कळला होता. सुट्टीत सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर ते नेत, ते त्याला दिवसभरात जास्तीत जास्त वेळा खऱ्या डावात उतरता यावं म्हणून. त्याला वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रमला हलवा, असं त्यांनी घरच्यांना सांगितलं त्यामागेही मॅचेसचाच हिशेब होता. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कच्या पाच नंबर गेटपाशी सरांचं स्मारक झालं. तिथून जाणाऱ्या किती पालकांना हा हिशेब ठाऊक असेल, कोण जाणे.

आता कुणी म्हणेल, आचरेकर सरांचा कामत मेमोरियल हा क्लबच होता की! होता. इथेच गल्लत होते. मुंबईत क्लब आणि शाळा यांचं भांडण कधीच नव्हतं. सुनील गावसकर झेवियर्सकडून खेळले आणि दादर युनियनकडूनही खेळले. दिलीप वेंगसरकर किंग जॉर्ज शाळेचे, तेही दादर युनियनचे. सचिन अकरा वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबकडून कांगा लीगमध्ये उतरला, पावसाळ्यातल्या त्या चिखलात, मोठ्या माणसांच्या बॉलिंगसमोर. क्लबात जागा मिळायची ती रनांवर आणि विकेटांवर. एखादा सीनियर शाळेची मॅच बघायला यायचा, जाताना खांद्यावर हात टाकून म्हणायचा, ‘उद्यापासून आमच्याकडे ये रे.’ आजची अकादमी ही तिसरीच गोष्ट आहे. तिथे जागा मिळते ती फीवर. फी भरली म्हणजे प्रत्येकाला बॅटिंग मिळाली पाहिजे, प्रत्येकाच्या चार ओव्हर झाल्या पाहिजेत. म्हणून आमच्या इमारतीतल्या मुलाच्या अकादमीच्या स्पर्धेत तीस रन झाले की बॅट्समनला रिटायर करतात, पुढच्याचे बाबा वाट बघत असतात ना! व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. पण तिशीला परत बोलावणाऱ्या स्पर्धेतून ३२६ करणारा पोरगा कसा निघायचा? आणि पस्तिसावर दमलेला, पन्नासाला जीव टाकलेला, तरी टिकून राहिलेला पोरगा तरी कसा निघायचा?

अकादम्यांची बाजूही आहे आणि ती लंगडी नाही. बहुतेक शाळांकडे मैदान नाही, असलं तर त्यावर पार्किंग आहे. पीटीचे सर निवडणुकीच्या ड्युटीवर नाहीतर कुठल्यातरी सर्वेक्षणावर. किटची बॅग एकच, त्यातल्या एका ग्लोव्हला अंगठा नाही. मुलाची बॅट खाली येताना वाकडी का येते, हे सांगणारा माणूस शाळेत भेटणं म्हणजे नशीब. ते ज्ञान आज अकादमीत आहे आणि त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. मुलींच्या बाबतीत तर शाळेचा पर्याय बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. सांगलीची स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात गेली ती घरच्यांच्या आणि प्रशिक्षकांच्या बळावर. ज्या शाळेत मुलींचा संघच नाही, तिथल्या मुलीला शाळेकडून खेळ म्हणणं ही चेष्टा झाली.

शाळांनीही स्वतःचं बरंच वाटोळं केलं आहे. २०१३ मध्ये पृथ्वी शॉने हॅरिसमध्ये ५४६ काढले, २०१६ च्या जानेवारीत कल्याणला भंडारी कपमध्ये प्रणव धनावडेने नाबाद १००९. मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण कल्याणच्या त्या मॅचचं स्कोअरबुक पूर्ण वाचा. एका शाळेच्या ३ बाद १४६५, दुसरी शाळा दोन डावांत ३१ आणि ५२. स्कोअरर म्हणून मला त्या दुसऱ्या शाळेच्या पानाचं वाईट वाटतं. ही मॅच नव्हे, नाव द्यायचं म्हणून दिलेल्या मुलांची परेड आहे. एका टोकाला अशा शाळा आणि दुसऱ्या टोकाला शिल्डसाठी शहरभरातून तयार खेळाडू गोळा करून त्यांना फी माफ करणाऱ्या शाळा. संघ शाळेच्या नावाचा, पण पाचवीपासून त्या वर्गात बसलेला मुलगा त्यात शोधावा लागतो. मग तीही एक अकादमीच झाली, फक्त गणवेश घातलेली.

तरी त्याच शालेय क्रिकेटचं दुसरं उदाहरण बघा. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहिलेला यशस्वी जयस्वाल. २०१५ मध्ये अंजुमन-ए-इस्लामकडून गाइल्स शिल्डच्या एका मॅचमध्ये त्याने नाबाद ३१९ केले आणि ९९ रन देऊन १३ विकेट घेतल्या. त्याला सांताक्रूझच्या एका प्रशिक्षकाने आसरा दिला, घडवलं, हे खरंच. पण त्याचं नाव शहरभर झालं ते शाळेच्या मॅचमुळे. खेळाडूच्या बापाने कितीही व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकले तरी ३१९ आणि १३ हे आकडे दोन शाळांच्या स्कोअररांनी लिहून अंपायरने सही केल्याशिवाय तयार होत नाहीत.

आणि ज्यांचं नाव होत नाही त्यांचं काय? माझ्या मते शाळेच्या टीमची खरी किंमत तिथे आहे. आमच्या टीममधून एकही जण रणजीपर्यंत पोचला नाही. एक जण बँकेत गेला आणि तीस वर्षं बँकेकडून टाइम्स शिल्ड खेळला. एक अंपायरची परीक्षा पास झाला. बारावा खेळाडू आज ज्या शाळेत शिकवतो, तिथे स्वतःच्या खिशातून बॉल आणतो. अकादमीत बारावा खेळाडू नसतो, तिथे सगळेच ग्राहक. ज्याला खेळता येत नाही पण खेळ सोडवत नाही, अशा मुलाच्या हातात स्कोअरबुक द्यायला तिथे कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तरी त्याचे आईवडील त्यासाठी फी भरणार नाहीत. मुंबईच्या मैदानांवर पन्नास वर्षं जे लोक पारावर बसून मॅच बघत, चुकलेल्या शॉटवर जिभेने चक् करत, ते सगळे असेच शाळेच्या टीमच्या कडेकडेने तयार झाले होते.

मी त्या बाबांना म्हटलं, ‘‘मुलाला विचारलंत का?’’ ते म्हणाले, ‘‘त्याला शाळेकडून खेळायचंय. त्याचे मित्र आहेत ना टीममध्ये. पण काका, मित्रांसाठी करिअर कसं पणाला लावणार?’’ तेरा वर्षांच्या पोराचं करिअर! मी त्यांना एवढंच सांगितलं, की कोचला एक प्रश्न विचारा: वर्षभरात याला किती वेळा सातव्या नंबरावर, वीस रन हवे असताना, मागे फक्त चार बॅट्समन असताना बॅटिंगला पाठवणार? कोचकडे उत्तर असेल तर अकादमीच बरी. बाबा विचारून आले. कोच म्हणाला, आम्ही सिनारियो प्रॅक्टिस घेतो. म्हणजे नेटमध्ये उभं करून सांगायचं, की समज, वीस रन हवेत. समज!

तेव्हा पालकांनो, अकादमी जरूर लावा, चांगला कोच मिळाला तर सोडू नका. पण शाळेच्या यादीत मुलाचं नाव आलं तर त्याला पाठवा, आणि अकादमी आडवी येत असेल तर अकादमी बदला. दुसरी अकादमी पुढच्याच स्टेशनावर आहे. गाइल्स चौदाव्या वर्षी संपते, हॅरिस सोळाव्या. कांगा लीगमध्ये चाळिशी ओलांडलेली माणसंही खेळतात.