लोडरचा लिव्हर अडकला? वॉल्व्ह बदलण्याआधी तेल बघा



छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवणारे आपल्या भागात वाढलेत. शेणखत भरा, गोठा साफ करा, बांधाची माती ओढा, एका माणसात काम होतं. पण लिव्हर जड झाला, सोडल्यावर मधे परत येईना, की जो तो एकच सांगतो: "वॉल्व्ह गेला, नवा टाका."

मला हे पटत नाही. मी जवळून पाहिलेल्या बहुतेक ट्रॅक्टरांत वॉल्व्ह गेलेला नव्हता. तेलात घाण होती, पाणी होतं, नाहीतर बाहेरची केबल गंजलेली होती. तरी पैसे वॉल्व्हलाच गेले, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर नवा वॉल्व्हही तसाच अडकला. कारण तेल तेच होतं.

आधी आतलं काम समजून घ्या. वॉल्व्हमध्ये स्पूल असतो, म्हणजे खाचा पाडलेला गुळगुळीत लोखंडी दांडा. तो ज्या भोकात सरकतो त्या दोघांमधली फट काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. एवढ्या फटीत डोळ्याला न दिसणारी घाण शिरली तरी स्पूल धरतो. तो परत मधे आणायला मागच्या टोपीत एक स्प्रिंग असते. स्पूल अडकला की स्प्रिंगचं चालत नाही, आणि तुम्ही हात काढला तरी बकेट वर जातच राहते किंवा खाली येतच राहते. बकेटजवळ माणूस उभा असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून अडकणारा लिव्हर हा नुसता वैताग समजू नका, तो धोका आहे. त्या दिवशी काम बंद ठेवा.

आता तपासायचा क्रम. बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर चारी बाजूंना दोन-तीनदा फिरवून आतला दाब सोडा. हे केल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडीत शिरतं. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आत बोट, हात जायची वेळ येते. तसं झालं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

पहिली गोष्ट: तो खरंच अडकलाय का? बऱ्याच लोडरमध्ये लिव्हर पूर्ण पुढे ढकलला की 'फ्लोट'मध्ये बसतो आणि तिथेच राहतो. बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे तरंगावी म्हणून ती सोय केलेली असते. हाच 'बिघाड' दुरुस्त करायला आलेली माणसं मी पाहिलीत.

दुसरी: लिव्हर आणि वॉल्व्ह यांच्यामधली केबल किंवा सळई सोडवा आणि स्पूल हाताने हलवून बघा. स्पूल मोकळा सरकत असेल तर दोष बाहेर आहे. केबल गंजली, पिन वाकली, सांध्यात माती सुकली. ग्रीस आणि एका पिनेवर काम भागतं.

तिसरी: तेल बघा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. आपल्या कोकणपट्टीत चार महिने ट्रॅक्टर ओलाव्यात असतो, श्वासनळीतून दमट हवा आत जाते, रात्री गार पडून तिचं पाणी होतं. तेल काळं किंवा जळकट वासाचं असेल तर ते तापतंय. छोट्या ट्रॅक्टरांत बहुतेक वेळा गिअरबॉक्स, तेलातले ब्रेक आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं, त्यामुळे गिअर आणि ब्रेकची झीज थेट याच फटीत येते. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं फिल्टर लवकर बदलायला सांगतात ते यासाठी. बरीच मॅन्युअल ५० तास सांगतात, तुमच्या मॅन्युअलात काय लिहिलंय ते पाळा.

चौथी: कपलर. लोडर काढून ठेवला की होजपाइपांची तोंडं चिखलात लोळतात आणि जोडताना ती घाण थेट आत जाते. टोपण हरवलं असेल तर निदान स्वच्छ पिशवी बांधा. अर्धवट बसलेला कपलर तेल अडवतो, बकेट उघडते पण परत वळत नाही, आणि दोष वॉल्व्हवर येतो.

पाचवी: गार असताना नीट आणि तापल्यावर अडकतो का? मग वॉल्व्ह बसवलेले बोल्ट बघा. बैठक सपाट नसेल किंवा बोल्ट वेडेवाकडे आवळले असतील तर घराला पीळ बसतो. दाब शून्य करून बैठकीचे बोल्ट थोडे सैल करा. लिव्हर हलका झाला तर कारण सापडलं. बैठक सपाट करून बोल्ट सारखे आवळा.

एवढं होऊनही स्पूल धरत असेल तरच वॉल्व्ह खोला. पॉलिश पेपर लावायचा नाही. स्पूल घासला की फट वाढते, मग बकेट वर ठेवली तरी हळूहळू खाली उतरते. प्रत्येक स्पूल आपल्याच भोकात परत घाला, कारण तो त्याच भोकाला जुळवलेला असतो. धुवायला स्वच्छ डिझेल, पुसायला धागे न सुटणारं कापड, ओ-रिंगा नव्या. स्पूलवर खोल ओरखडे दिसले तर मात्र वॉल्व्ह बदलाच. तेव्हा कंजूषी नको.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. लोक म्हणतात मेकॅनिक फसवतात. मला दोष आपल्याकडेही दिसतो. मेकॅनिकने दोन तास शोधून "केबल गंजली होती" सांगितलं तर आपण त्याला चहा पाजतो आणि म्हणतो, "काही टाकलंच नाही, पैसे कसले?" त्यानेच नवा वॉल्व्ह टाकला की हजारो रुपये निमूट मोजतो. आपण पार्टला पैसे देतो, शोधायला देत नाही. मग तो पार्टच विकणार. त्यालाही घर चालवायचंय.

सरकारी पैशाचं तेच. मुलीकडे वांद्र्याला जाणं होतं तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नाबार्डच्या मुख्यालयावरून जातो. १९८२ सालची ही संस्था आपल्याला हातात कर्ज देत नाही, बँकांना पुनर्वित्त देते आणि दर जिल्ह्याचा संभाव्य पतपुरवठ्याचा आराखडा काढते. त्यात यांत्रिकीकरण असतंच. शिवाय २०१४-१५ पासून केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान आहे, त्यातून यंत्रावर ४० ते ५० टक्के अनुदान मिळतं. चांगलंच आहे, त्यामुळेच छोटे शेतकरी ट्रॅक्टरपर्यंत पोचले. पण यंत्र अंगणात आलं की तेल, फिल्टर, निदान आणि शिक्षण हे सगळं आपल्या नशिबावर.

वांद्र्याहून बोरिवली लोकल पकडली की कांदिवली येतं. १९६३ साली उभ्या राहिलेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचे ट्रॅक्टर तिथेच बनू लागले. कर्जाचं धोरण आणि ट्रॅक्टरचा कारखाना एकाच लोकलच्या मार्गावर आहेत. पण अडकलेला स्पूल नीट उघडून दाखवणारा माणूस शोधायला मात्र आपल्याला तालुका पालथा घालावा लागतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या. एक, यंत्राच्या कर्जात पहिल्या दोन वर्षांचं तेल आणि फिल्टर धरा. दोन, अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रांना आणि शेतकरी कंपन्यांना तेल गाळायचा पंप-फिल्टर अनुदानात द्या, दहा-वीस ट्रॅक्टरांना एक पुरेल. नव्या ड्रममधलं तेलसुद्धा स्वच्छच असतं असं समजू नका, गाळूनच भरलेलं बरं. तीन, आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा ट्रेड आहे. त्यातल्या पोरांना उन्हाळ्यात गावोगावी पाठवा, त्यांचा हात बसेल आणि आपले ट्रॅक्टर पावसाआधी तपासून होतील.

कृषी अधिकारी आणि कृषी विज्ञान केंद्रातली मंडळी हे वाचतात, त्यांनाही विनंती. माती परीक्षणासारखं तेलाचं परीक्षणही शिबिरात घ्या. काचेच्या बाटलीत नमुना रात्रभर ठेवला तरी पाणी आणि गाळ खाली बसलेला दिसतो. शेतकऱ्याला डोळ्याने दिसलं की पटतं.

आणि आपण स्वतः? सरकार करेल तेव्हा करेल. मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा: तेल कधी बदललं, फिल्टर कधी, किती तासांना. आणि पुढच्या वेळी मेकॅनिकने काही न बदलता बिघाड शोधून दिला, तर त्याची मजुरी हातावर ठेवा. ती मजुरी नव्या वॉल्व्हपेक्षा स्वस्तच पडेल.